भिश्ती, नहर आणि वैशाखाचे ऊन

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी घराबाहेर पडायला आम्हा पोरांना बंदी असे. “धूप में नक्को जाव, लू लगींगी,” असे दादी ओरडायची. त्यातूनही कोणी निसटलाच तर त्याच्या खिशात कांदा कोंबून पाठवायची. कांद्याने ऊन लागत नाही यावर तिचा पक्का विश्वास होता. आम्ही कांदा घेऊन थेट पाणचक्की गाठायचो.

औरंगाबादची पाणचक्की बहुतेकांनी पाहिलेली असते. (शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे. लेखात जुना काळ चालू असल्याने जुनी नावे ठेवतो आहे.) पर्यटक हौद बघतात, भिंतीवरून पडणारे पाणी बघतात, फोटो काढतात आणि जातात. आम्हा पोरांना मात्र हौदाच्या खालची जागा ठाऊक होती. तिथे एक मोठे दालन आहे. वरच्या हौदाचा तळ हेच या दालनाचे छत. बाहेर बेचाळीस अंशाच्या उन्हात डांबर मऊ झालेले असायचे आणि आत शिरताच घामाने ओली पाठ गार पडायची. डोक्यावर पाणी आणि पाण्याच्या वर आग ओकणारा सूर्य. उन्हाला आपल्यापर्यंत यायचे तर आधी तेवढे सगळे पाणी तापवावे लागणार. ते त्याला एका दुपारी जमत नाही.

हे दालन कोणा नवाबाच्या आरामासाठी बांधलेले नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. बाबा शाह मुसाफिर या सूफी बुजुर्गांच्या दर्ग्याचा हा परिसर. ते मूळचे बुखाराकडचे, गिजदुवानचे. त्यांच्यानंतर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथले बांधकाम वाढत गेले. पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्यावर लंगरचे पीठ दळले जाई. फकीर, अनाथ आणि वाटसरू त्यावर जेवत. त्याच लोकांना दुपारी आडवे व्हायला ही जागा होती. म्हणजे शहरातली सर्वांत थंड जागा शहरातल्या सर्वांत गरीब माणसांसाठी होती. या एका गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येतो, कारण उन्हाळ्याच्या इतिहासात असे फार क्वचित घडले आहे.

बाबा शाह मुसाफिरांच्या आधी दीड-पावणेदोनशे वर्षे मध्य आशियातलाच आणखी एक मुसाफिर हिंदुस्थानात आला होता, मात्र फौज घेऊन. १५२६च्या एप्रिलमध्ये पानिपत जिंकून बाबर आग्र्याला पोहोचला तो ऐन उन्हाळ्यात. लढाईत न मेलेली माणसे उन्हाने मरू लागली. बेग आणि सरदार काबूलला परत जाण्याचा हट्ट धरून बसले. बाबराचा जुना सोबती ख्वाजा कलां तर खरोखरच निघून गेला. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानात काय काय नाही याची एक चिडकी यादी दिली आहे. चांगले घोडे नाहीत, द्राक्षे नाहीत, खरबूज नाहीत, बर्फ नाही, थंड पाणी नाही. शाळेत हा उतारा शिकवताना ‘परक्या माणसाला आपला देश आवडला नाही’ असा सूर लावला जाई. मला त्यात एक घामाघूम झालेला माणूस दिसतो. फरगाना आणि काबूलच्या हवेत वाढलेले शरीर आग्र्याच्या जूनमध्ये काय करणार? त्याने लिहिले आहे की हिंदुस्थानातल्या तीन गोष्टींनी आम्हाला छळले : उष्मा, जोराचा वारा आणि धूळ. तिन्हींवर एकच इलाज त्याला सापडला, तो म्हणजे हमाम. जाड भिंतींच्या आत ना धूळ, ना वारा, आणि उन्हाळ्यात गारवा इतका की हुडहुडी भरावी. यमुनेच्या काठी त्याने बागा लावल्या त्याही याच हट्टापोटी.

त्याच्या नातवाच्या वेळेपर्यंत या घराण्याला उन्हाळा पचवण्याची कला साधली होती. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त आबदारखान्याचे, म्हणजे बादशहाच्या पिण्याच्या पाण्याच्या खात्याचे, वेगळे वर्णन दिले आहे. पाणी भरलेली बंद सुरई सोरा विरघळवलेल्या पाण्यात फिरवायची. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो आणि सुरईतले पाणी गार होते. तोफेच्या दारूत आग लावणारी वस्तू इथे थंडावा देते, याची गंमत अबुल फजललाही वाटली होती. पुढे १५८६च्या सुमारास दरबार लाहोरला गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतला बर्फ होड्यांतून, गाड्यांतून आणि माणसांच्या डोक्यावरून येऊ लागला.

त्याच ग्रंथात वाळ्याच्या पडद्यांचाही उल्लेख आहे आणि त्याचे श्रेय अर्थातच बादशहाला दिले आहे. दरबारी इतिहासात सगळे शोध बादशहाच लावतो. वाळ्याची मुळे विणून केलेला आडोसा दारा-खिडक्यांना लावायचा आणि त्यावर सतत पाणी मारत राहायचे. लू त्यातून आत येताना गार आणि सुगंधी होऊन येते. याला ‘खस की टट्टी’ म्हणत. टट्टी म्हणजे नुसता आडोसा. आज तो शब्द उच्चारला की पोरे का हसतात हे आडोशामागे काय चालायचे यावरून ओळखावे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात घराघरात घोंघावणारा कूलर हे त्याच पडद्याचे पत्र्याचे रूप आहे. आतले गवत वेगळे, तत्त्व तेच.

ही युक्ती कुठेही चालते असा माझा समज होता. नोकरीत बदली होऊन मी तीन वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात काढली, तेव्हा तो उतरला. पहिल्याच एप्रिलमध्ये मी मोठ्या हौशीने वाळ्याचा पडदा आणून खिडकीला बांधला आणि पाणी मारून पलंगावर पडलो. अर्ध्या तासात उशी भिजली, अंगातला सदरा चिकटला, जीव गुदमरला. घरमालक कोकणी मुसलमान होते, सत्तरीचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी दारातून पाहिले आणि हसत म्हणाले, “अहो, इकडं हवा आधीच भिजलेली. तिला आणखी काय भिजवताय? खिडकी उघडा!”

त्या एका वाक्यात सगळे आले होते. घाम किंवा पाणी सुकते तेव्हा गारवा देते. मराठवाड्याची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की ती पाणी अधाशासारखी पिते. कोकणातली हवा तृप्त असते, ती घाम घेतच नाही. म्हणून रत्नागिरीतले चौतीस अंश आमच्याकडच्या बेचाळीसपेक्षा जड वाटू शकतात. तिथल्या जुन्या घरांकडे मी मग नीट बघू लागलो. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरत्या कौलांखाली उंच माळा, कौलांच्या फटींतून निघून जाणारी गरम हवा, चहूबाजूंनी पडवी आणि समोरासमोर दारे. सगळी करामत वाऱ्याला वाट करून देण्याची. आमच्याकडची जुनी घरे याच्या अगदी उलट : जाड पांढऱ्या मातीचे धाबे, रस्त्याच्या बाजूला खिडकी जवळजवळ नाहीच, दहा वाजता दारे लावून घ्यायची ती पाच वाजता उघडायची. एक घर वाऱ्याला बोलावते, दुसरे त्याला दाराबाहेर ठेवते. दोन्ही बरोबर आहेत, आपापल्या हवेत. कुराण तेच, नमाज तीच, पण राजापूरचा मुसलमान आणि वैजापूरचा मुसलमान यांची दुपार एक नाही. धर्मावरून माणसाच्या राहणीचे अंदाज बांधणाऱ्यांनी एकदा दोन्हीकडे एप्रिल काढून पाहावा.

इराणमधल्या यज्द शहरात दोन्ही विद्या एकत्र आल्या. हवा वाळवंटी, कोरडी. तिथे घरांवर बादगीर, म्हणजे वारा पकडणारे उंच मनोरे, उभारले. दौलताबाद बागेतला बादगीर तेहतीस मीटरहून उंच आहे. वरचा वारा पकडून तो खाली हौदावर आणायचा, म्हणजे वाराही आला आणि पाणीही. ते पाणी दूरच्या डोंगरातून जमिनीखालच्या कनातींतून यायचे, कारण उघड्या पाटाने आणले तर वाटेत सूर्यच अर्धे पिऊन टाकणार. बगदादमध्ये घरांखाली सरदाब असत. दुपार तळघरात आणि रात्र गच्चीवर, असा तिथला उन्हाळा.

बगदाद म्हटले की मला मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अरबस्तान-बगदादमार्गे दख्खनला पोहोचलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ता झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. उत्तरेच्या डोंगरातून त्याने जमिनीखालून पाणी शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. खडकाळ, कोरड्या पठारावर एवढ्या वस्तीला पाणी पुरणार नाही असे म्हणणारे तेव्हाही होते. बगदादमधली तळघरे आणि पाण्याची कामे त्याने पोरवयात पाहिली असतील, हा माझा तर्क; पुरावा माझ्यापाशी नाही. पण कल्पना करायला काय हरकत आहे? हबशांचा देश म्हणजे रखरखीत अशी आपली समजूत असते. वास्तविक इथिओपियाचे पठार उंच आणि बऱ्यापैकी थंड आहे. दख्खनचा वैशाख त्यालाही नवाच असणार. बाबराने आपल्या छळाची तक्रार लिहून ठेवली. अंबराने लिहिले नाही, पाणी आणले. पाणचक्कीसारखे नळ नंतर इतरांनी घातले, पण या शहराला जमिनीखालून पाणी आणण्याची सवय अंबराने लावली.

अहमदनगरच्या निजामशाही सुलतानांचा फराहबाग याच्याही आधीचा, १५८३मध्ये पुरा झालेला. मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल. तलाव आता कोरडा आहे. उन्हाळ्यात तिथे उभे राहिले की पाण्यावाचून तो महाल नुसता दगड वाटतो.

आता पाण्याकडून पाणी वाहणाऱ्याकडे येतो. नहर हौदापर्यंत पाणी आणते. हौदापासून वाळ्याच्या पडद्यापर्यंत ते कोण आणत होते?

माझे दादा भिश्ती होते. आमच्या घरात ही गोष्ट मोठ्याने सांगितली जात नसे. अब्बा शिक्षक झाले, आम्ही भावंडे पुढे शिकलो, आणि लग्नाच्या बोलण्यात दादांचा विषय निघाला की ‘सरकारी नोकरीत होते’ असे सांगून पुढे जायचे. खोटे नव्हते ते. निजामाच्या राजवटीत ते एका सरकारी कचेरीत उन्हाळ्याचे तीन महिने पाणी मारायला होते. सकाळी नऊपासून ऊन उतरेपर्यंत कातडी मशक पाठीवर घ्यायची, हौदावर भरायची आणि प्रत्येक दाराच्या पडद्यावर फवारत फिरायचे. शेवटचे दार होईपर्यंत पहिले सुकलेले असायचे. भरलेल्या मशकीत तीसेक लिटर पाणी मावते. तिच्या पट्ट्याने त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. मी तो हाताने चाचपलेला आहे. बाकीचे नऊ महिने ते मोहल्ल्यात घरोघर पाणी भरत.

भिश्ती हा शब्द ‘बहिश्ती’वरून आला, म्हणजे स्वर्गातला. तहानेल्याला पाणी देणारा तो जन्नतचा माणूस. नाव इतके मोठे आणि जमातीत जागा अगदी तळाशी. हिंदू पखालींचेही तेच, फक्त त्यांची पखाल रेड्याच्या पाठीवर असे. ‘आपल्यात जात नाही’ असे म्हणणाऱ्या मुसलमान मित्रांना मी भिश्त्याच्या घरची सोयरीक करून दाखवा म्हणतो. विषय तिथेच थांबतो.

एका भिश्त्याला मात्र इतिहासाने लक्षात ठेवले. १५३९मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत बुडत होता. निजाम नावाच्या भिश्त्याने फुगवलेल्या मशकीवर त्याला पलीकडे नेले, असे सांगतात. बदल्यात हुमायूनने त्याला आग्र्यात तख्तावर बसवले. हुमायूनची बहीण गुलबदन बेगम दोन दिवस म्हणते, इतर कोणी अर्धा दिवस. भाऊ मिर्झा कामरानला हे अजिबात आवडले नाही. शत्रू दारात असताना हा काय खेळ, असे त्याचे म्हणणे. गोष्ट सांगताना बादशहाच्या उदारपणावर भर दिला जातो. दादा ती वेगळी सांगायचे. ते म्हणत, “दो दिन बिठाया, फिर मशक हाथ में दे दी.”

इंग्रजांच्या मुंबईत वाळ्याचा पडदा फारसा चालेना, कारण तिथेही हवा भिजलेलीच. तिथे दोरीने ओढायचा छताचा पंखा आला. व्हरांड्यात बसून तो ओढणारा माणूस रात्रभर उघड्यावर, साहेब आत. पंखा थांबला की लाथ. अशा लाथेने नोकर मेल्याचे खटले त्या काळी होत आणि ‘प्लीहा आधीच वाढलेली होती’ असे कारण देऊन साहेब किरकोळ शिक्षेवर सुटत. बर्फाचीही अशीच तऱ्हा. १८३३मध्ये बोस्टनहून लाकडाच्या भुश्श्यात रचलेला बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला, पुढच्या वर्षी मुंबईत. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट मुंबईच्या जुन्या इतिहासात वाचायला मिळते. तो बर्फ बंदरावरून बर्फघरापर्यंत डोक्यावर वाहणाऱ्या हमालांना सर्दी झाली की नाही, याची नोंद कोणी ठेवली नाही.

उन्हाने मेलेल्या माणसांकडे पाहिले की हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. २००३च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे उन्हाने गेली. पॅरिसचा पारा चाळिशीच्या आसपास होता. आमच्याकडे एवढ्या उन्हात लग्ने लागतात, असे तेव्हा मीही हसून म्हणालो होतो. मग तपशील वाचला. मेलेल्यांत म्हातारी, एकटी माणसे फार होती. जस्ताच्या पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या, थंडी आत कोंडून ठेवायला बांधलेली घरे आणि सुट्टीवर गेलेले शहर. अंगाला सवय नव्हती, घराला सवय नव्हती आणि दार ठोठावणारे कोणी नव्हते. हसू आपोआप थांबले.

सवय असूनही माणसे मरतात. २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादमध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३मध्ये त्या शहराने उन्हासाठी कृती आराखडा केला : आधी इशारा द्यायचा, दवाखाने तयार ठेवायचे, पाण्याची सोय करायची. पुढे झोपडपट्ट्यांतले पत्रे चुन्याने पांढरे केले. चुना! आमची दादी दर मार्चमध्ये गच्चीला चुना मारायची. कराचीत २०१५च्या जूनमध्ये बाराशेच्या वर माणसे गेली. समुद्राचा वारा पडला होता, वीज जात होती आणि रमजान चालू होता. ‘रमजान’ शब्दाच्या मुळाशीच तापून लाल झालेल्या जमिनीचा अर्थ आहे. चांद्र महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे तेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. एका आयुष्यात प्रत्येकाच्या वाट्याला हिवाळ्याचा रोजाही येतो आणि वैशाखाचाही. आजाऱ्याला, प्रवाशाला रोज्यातून सूट आहे. कडाक्याच्या उन्हात जोहरची नमाज थोडी गार होईपर्यंत लांबवावी, असे हदीसमध्ये आहे. वाळवंटात उतरलेल्या धर्माला ऊन काय असते ते माहीत होते. माहीत नसते ते बारा वाजता मजुराला स्लॅबवर चढवणाऱ्या मुकादमाला. दोघे रोजदार असले तरीही.

२०२४च्या हजमध्ये मक्केत ५१.८ अंशांची नोंद झाली. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू जाहीर केले. त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक परवान्याविना आलेले होते. परवाना नाही म्हणून थंड तंबू नाही, बस नाही. ते मैलोन्मैल उन्हात चालले. एकच ऊन, एकच इहराम, एकच लब्बैक. सावली मात्र कागद बघून.

याच मक्केत हारून रशीदची बेगम जुबैदा हिने बाराशे वर्षांपूर्वी डोंगरातून नहर आणली होती. अरफात आणि मक्केच्या हाजींना शतकानुशतके ते पाणी मिळाले. मुहर्रममध्ये आपल्या गावागावांत सबील लागते, लाल-गुलाबी सरबत वाटले जाते, हिंदू घरचीही माणसे पेले भरायला उभी राहतात. फुरातच्या काठी करबल्यात ज्यांचे पाणी तोडले त्यांच्या आठवणीत ती लागते. चैत्रात शेजारच्या गल्लीतले लोक पाणपोई घालतात. सबिलीवर किंवा पाणपोईवर तुम्ही कोण हे विचारत नाहीत.

दादा १९८०च्या दशकात गेले. नळ आल्यावर मशक काही वर्षे खुंटीला टांगलेली होती. मग कातडे वाळून तडकले आणि अब्बांनी ती कोणाला तरी देऊन टाकली. दुसऱ्यांच्या दारांवर आयुष्यभर पाणी मारलेल्या या माणसाच्या स्वतःच्या खोलीवर पत्रे होते. मे महिन्यात ते दुपारी झोपायला पाणचक्कीच्या दालनात जात. आम्हा पोरांना ती जागा कशी ठाऊक होती, ते आता वाचणाऱ्याच्या ध्यानात आले असेल.

सध्या मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. नळाला पाणी किती दिवसांनी येते ते औरंगाबादकराला विचारू नये. गेल्या मे महिन्यात जार पोहोचवणारा पोरगा आला. वीस लिटरचा जार उजव्या खांद्यावर, लिफ्ट बंद. जार खाली ठेवून तो दाराशीच टेकला. मी फ्रिजची बाटली काढली, तर म्हणाला, “साहेब, माठातलं द्या.” दोन तांबे प्यायला, तिसरा डोक्यावर ओतला आणि रिकामे जार उचलून जिना उतरला. खाली टेम्पोत अजून तीसेक जार होते.